टायटर ६.४ की १४? प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांमध्ये लसीचा परिणाम कसा मोजायचा

प्रश्न दोन माणसांबद्दल आहे. वडील ५८ वर्षांचे, आठवड्यातून तीनदा डायलिसिस. हेपॅटायटिस बीच्या लसीचे चार डोस ०, १, २ आणि ६ महिन्यांना झाले. शेवटच्या डोसानंतर सात महिन्यांनी अँटी-एचबीएस टायटर (हेपॅटायटिस बीविरुद्धच्या अँटिबॉडीचं रक्तातलं प्रमाण; ते १० च्या वर हवं) एका लॅबमध्ये ६.४ आलं, चार दिवसांनी दुसऱ्या लॅबमध्ये १४. बिलांवर प्रत्येक वेळी १ मिलीची एकच कुपी दिसते. बहिणीला संधिवातासाठी रिटुक्सिमॅब हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध चालू आहे. कोविडच्या लसीनंतर तिच्या अँटिबॉडी जवळजवळ शून्य आल्या. तिची टी-सेल टेस्ट (अँटिबॉडीऐवजी प्रतिकारशक्तीच्या टी-पेशींचा प्रतिसाद मोजणारी) करावी का, आणि न्यूमोनियाची लस घेतल्यावर तिचंही टायटर करावं का, असं विचारलं आहे.

वडिलांबद्दल आधी, कारण तिथे उत्तर स्वच्छ आहे. ६.४ आणि १४ यांपैकी खरं कुठलं, या वादात पडू नका. डोस अर्धा दिला गेला आहे. पूर्ण मात्रेत कोर्स पुन्हा करा आणि टायटर शेवटच्या डोसानंतर एक ते दोन महिन्यांनी करा.

हेपॅटायटिस बीची प्रौढांची कुपी आपल्याकडे सहसा १ मिलीची असते आणि तिच्यात २० मायक्रोग्रॅम अँटिजेन (विषाणूचा जो भाग ओळखून शरीर अँटिबॉडी बनवतं तो) असतं. निरोगी प्रौढाला एवढं पुरतं. ०, १, ६ महिन्यांच्या तीन डोसांत दहांतल्या नऊ जणांना संरक्षण मिळतं. मूत्रपिंड निकामी झालेल्या माणसाचं तसं नसतं. रक्तात साठणारे टाकाऊ पदार्थ, कुपोषण, वय आणि मधुमेह यांमुळे टी-पेशी आणि अँटिजेन दाखवणाऱ्या पेशी दोन्ही मंदावतात. म्हणून डायलिसिसवर प्रत्येक वेळी ४० मायक्रोग्रॅम, म्हणजे प्रौढांच्या दोन कुप्या, आणि तेही ०, १, २, ६ असे चार वेळा देतात. इतकं करूनही साधारण निम्म्या ते दोन-तृतीयांश रुग्णांचंच टायटर हव्या त्या पातळीला पोचतं. तुमच्या बिलांवर एकेक कुपी असेल तर वेळापत्रक डायलिसिसचं आणि मात्रा निरोगी माणसाची अशी खिचडी झाली आहे. हे फार सर्रास घडतं. चिठ्ठीवर ‘हेप बी लस, चार डोस’ एवढंच लिहिलेलं असतं, मिली किंवा मायक्रोग्रॅम लिहिलेले नसतात, आणि दुकानदार एक कुपी देतो. पुढच्या वेळी चिठ्ठीवर ‘४० मायक्रोग्रॅम = २ मिली, ०-१-२-६’ असं स्पष्ट लिहून घ्या.

टोचायची जागाही विचारा. दंडावर, डेल्टॉइड स्नायूत, आणि फिश्चुला (डायलिसिससाठी जोडून केलेली रक्तवाहिनी) नसलेल्या हातावर. कमरेखाली कुल्ल्यात दिलेली हेपॅटायटिस बीची लस बऱ्याचदा स्नायूपर्यंत न पोचता चरबीत राहते आणि टायटर कमी येतं. मध्यम बांध्याच्या माणसाला २५ मिलिमीटरची सुई पुरते, जाड दंडाला ३८ लागते. २ मिली एकाच जागी ढकलण्यापेक्षा एकेक मिली दोन ठिकाणी, इंचभर अंतर ठेवून दिलेलं बरं. डायलिसिसमध्ये रक्त गोठू नये म्हणून देतात ते हेपॅरिन सुरू होण्याआधी लस द्यावी आणि नंतर दोन मिनिटं न चोळता दाबून धरावं. ‘न चोळता’ हे मुद्दाम सांगायला लागतं, कारण हात आपोआप चोळायला जातो.

साठवणूक हा तिसरा संशयित. ही लस अ‍ॅल्युमिनियमच्या क्षारावर बसवलेली असते. ती २ ते ८ अंशांत ठेवायची, गोठू द्यायची नाही. एकदा गोठली की अ‍ॅल्युमिनियमचे कण गुठळ्या धरतात आणि लस निकामी होते. नंतर वितळवली तरी पूर्ववत होत नाही. लोकांना उन्हाची भीती वाटते, पण या लसीचा मोठा शत्रू फ्रीजमधला बर्फाचा कप्पा आहे. घरी आणून दोन दिवस फ्रीजरला चिकटून ठेवलेली कुपी टोचली असेल तर टायटर कमी येण्याचं कारण रुग्णात शोधू नका.

आता ती १० ची रेषा काय आहे. अँटी-एचबीएस १० एमआययू प्रति मिलीच्या वर असेल तर संरक्षण आहे, असं मानतात. काही लॅब आययू प्रति लिटर लिहितात. आकडा तोच राहतो. ही रेषा निरोगी लोकांच्या अभ्यासांतून आली: लस पूर्ण झाल्यावर एक-दोन महिन्यांत ज्यांचं टायटर १० च्या वर गेलं त्यांना आजार झाला नाही. म्हणजे रेषेत वेळ गृहीत धरलेली आहे. सात महिन्यांनी काढलेला नमुना त्या रेषेशी ताडायचा तर दोन शक्यता उरतात. पहिली, लस मुळात लागलीच नाही. दुसरी, टायटर एकदा ६० पर्यंत गेलं आणि उतरत ६ वर आलं. रिपोर्टवरून या दोन्हींत फरक करता येत नाही. निरोगी माणसात दुसऱ्या शक्यतेची फारशी चिंता नसते, कारण स्मृतिपेशी शिल्लक असतात आणि विषाणू आला की त्या पुन्हा कामाला लागतात. डायलिसिसवर मात्र टायटर १० च्या खाली गेल्यावर संसर्ग झाल्याची उदाहरणं आहेत. म्हणून त्यांना स्मृतीच्या भरवशावर ठेवत नाहीत. दरवर्षी टायटर करतात आणि १० च्या खाली गेलं की एक बूस्टर देतात.

मात्रा बरोबर होती, पण तपासणी उशिरा झाली, अशा रुग्णासाठी एक उपयोगी युक्ती आहे: ४० मायक्रोग्रॅमचा एकच डोस द्यायचा आणि चार ते आठ आठवड्यांनी टायटर बघायचं. १० ओलांडलं तर स्मृती होती, काम झालं. नाही ओलांडलं तर उरलेले डोस देऊन कोर्स पूर्ण करायचा. तुमच्या वडिलांच्या बाबतीत ही युक्ती कामाची नाही, कारण पायाच कच्चा आहे. सरळ चारही डोस द्या.

दोन लॅबमध्ये ६.४ आणि १४ का आलं? या रेषेजवळ हा फरक नेहमीचा आहे. अँटिबॉडीच्या तपासण्यांत प्रत्येक कंपनीचं अँटिजेन वेगळं, यंत्र वेगळं, मोजण्याची पद्धत वेगळी. सगळ्यांची पट्टी एकाच आंतरराष्ट्रीय मानकावर लावलेली असली तरी खालच्या टोकाला ती एकमेकांशी जुळत नाही. काही कंपन्यांच्या तपासणी-संचांत ५ ते १२ हा पट्टा ‘अनिर्णीत’ म्हणूनच छापलेला असतो. तेव्हा १० च्या आसपासचं टायटर वाचताना ‘कमी’ असंच धरावं आणि दरवर्षीची तपासणी एकाच लॅबमध्ये, एकाच यंत्रावर करावी. वर्षा-वर्षातला फरक तरी मग खरा असेल.

नमुना घेतानाच्या चुका तर आणखी आहेत. डायलिसिस सुरू होण्याआधी, हेपॅरिन द्यायच्या आधी रक्त घ्या. हेपॅरिन मिसळलेलं रक्त साध्या ट्यूबमध्ये नीट गोठत नाही, सीरममध्ये फायब्रिनचे धागे राहतात आणि यंत्र कधी खोटं पॉझिटिव्ह दाखवतं. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर लॅबला सांगा. काही यंत्रांची तपासणी बायोटिन-स्ट्रेप्टाव्हिडिनच्या जोडीवर चालते. रक्तात बायोटिन जास्त असेल तर अँटी-एचबीएस खोटं कमी येतं. निरोगी माणसाचं बायोटिन लघवीवाटे लवकर निघून जातं, डायलिसिसवर ते रेंगाळतं, म्हणून आठवडाभर आधी बंद केलेलं बरं.

आणि सगळ्यात फसवी गोष्ट: दुसऱ्याच्या अँटिबॉडी. गेल्या काही महिन्यांत आयव्हीआयजी, म्हणजे शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन, किंवा हेपॅटायटिस बीचं इम्युनोग्लोब्युलिन दिलं असेल, प्लाझ्मा चढवला असेल, तर रक्तात दात्यांच्या अँटिबॉडी फिरत असतात. आयजीजीचं, म्हणजे रक्तातल्या मुख्य प्रकारच्या अँटिबॉडीचं, अर्धायुष्य साधारण तीन आठवडे. आयव्हीआयजीच्या बाटलीत हजारो दात्यांचा प्लाझ्मा एकत्र केलेला असतो आणि त्यात लस घेतलेले दाते असणारच. रुग्णाचं टायटर ८० येतं, सगळे खूश होतात आणि तीन महिन्यांत ते विरून जातं. याच वाटेने अँटी-एचबीसी (लसीने नव्हे, खऱ्या संसर्गाने येणारी अँटिबॉडी) हीसुद्धा पॉझिटिव्ह येऊ शकते आणि ‘यांना पूर्वी कावीळ झाली होती’ असा चुकीचा शेरा फाइलला चिकटतो. हेपॅटायटिस बीचं इम्युनोग्लोब्युलिन दिल्यावर लसीचा परिणाम मोजायला किमान सहा महिने थांबावं.

कोर्स पुन्हा सुरू करण्याआधी दोन तपासण्या हव्यात: एचबीएसएजी (विषाणूच्या पृष्ठभागावरचं अँटिजेन) आणि एकूण अँटी-एचबीसी. ‘लस लागत नाही’ असं वाटणाऱ्या काही जणांना मुळात हेपॅटायटिस बी झालेलाच असतो. त्यांना कितीही डोस द्या, टायटर येणार नाही. आज साठीच्या आसपास असलेल्या कुणालाही लहानपणी ही लस मिळालेली नाही, त्यामुळे जुना संसर्ग असण्याची शक्यता विसरू नये.

इथे क्रम महत्त्वाचा आहे. एचबीएसएजीसाठी रक्त लसीच्या आधी काढा, नंतर नाही. लसीत असतं ते एचबीएसएजीच. टोचल्यावर काही दिवस ते रक्तात फिरतं आणि आजची संवेदनशील यंत्रं ते पकडतात. निरोगी माणसात हे अडीच-तीन आठवड्यांत संपतं, डायलिसिसवर त्याहून लांबू शकतं, शिवाय इथे मात्रा दुप्पट. डायलिसिस युनिटच्या दरमहाच्या तपासणीत लसीनंतर दहाव्या दिवशी एचबीएसएजी पॉझिटिव्ह आलं तर काय होतं ते बघा: रुग्णाला वेगळ्या मशीनवर हलवतात, घरात गोंधळ उडतो, आणि सगळ्यात वाईट म्हणजे खऱ्या पॉझिटिव्ह रुग्णांच्या मशीनवर, पुरेसं टायटर नसताना, तो माणूस जाऊन बसतो. लसीनंतर चार आठवड्यांच्या आत पॉझिटिव्ह आलं तर आधी लसीची तारीख बघा, न्यूट्रलायझेशन या खात्रीच्या तपासणीने पक्कं करून घ्या, एचबीव्ही डीएनएची, म्हणजे प्रत्यक्ष विषाणूची, तपासणी पाठवा आणि काही आठवड्यांनी पुन्हा तपासा. तोपर्यंत रुग्णाला पॉझिटिव्ह रुग्णांत मिसळू नका. वेगळं ठेवायचंच असेल तर स्वतंत्र ठेवा.

दुसऱ्या पूर्ण कोर्सनंतर टायटर १० च्या वर गेलं तर: दरवर्षी अँटी-एचबीएस, दरमहा एचबीएसएजीची गरज नाही. नाही गेलं तर वडिलांना ‘संसर्गाला बळी पडू शकणारा’ धरायचं, एचबीएसएजी दरमहा करायचं, आणि पॉझिटिव्ह रक्ताशी संबंध आला तर इम्युनोग्लोब्युलिन, ०.०६ मिली प्रति किलो, महिन्याच्या अंतराने दोनदा. तिसऱ्यांदा तोच कोर्स करण्यात फार अर्थ नाही. त्वचेत थोड्या मात्रेने वारंवार टोचण्याची पद्धत अशा रुग्णांत वापरलेली आहे आणि बऱ्याच जणांत टायटर येतंही. पण ते टिकाऊ नसतं आणि त्वचेत नीट टोचणारा हात लागतो. प्रत्यारोपणाचा विचार असेल तर हे सगळं त्याआधी उरका. प्रत्यारोपणानंतर टॅक्रोलिमस आणि मायकोफेनोलेट ही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं सुरू झाली की लसीचा प्रतिसाद आणखी खाली जातो. खरं तर सर्वांत चांगली वेळ डायलिसिस लागण्याआधीची, ईजीएफआर (मूत्रपिंडाच्या गाळण्याच्या क्षमतेचा आकडा) ३० च्या खाली उतरू लागलं की. तेव्हा लस जास्त लागते, पण तेव्हा कुणाला आठवत नाही.

आता बहीण.

रिटुक्सिमॅब पृष्ठभागावर सीडी२० हे प्रथिन असलेल्या बी-पेशी मारतं. अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशी याच बी-पेशींपासून तयार होतात. एका कोर्सनंतर त्या साधारण सहा महिने, कधी त्याहून जास्त, रक्तात दिसतच नाहीत. या काळात नवीन लस दिली तर अँटिबॉडी शून्य येणं हा औषध काम करत असल्याचा पुरावा आहे. लस बिघडली होती असं त्यातून सिद्ध होत नाही. जुन्या लसींच्या अँटिबॉडी मात्र बऱ्याच टिकतात, कारण हाडांच्या मगजातल्या जुन्या प्लाझ्मा पेशींवर सीडी२० नसतं. म्हणून धनुर्वाताचं टायटर चांगलं आणि कोविडचं शून्य असं एकाच रिपोर्टात दिसू शकतं.

कोविडची तिची अँटिबॉडी वाचण्याआधी तीन गोष्टी विचारा. कुठली तपासणी: स्पाइक (विषाणूच्या पृष्ठभागावरचं प्रथिन) की न्यूक्लिओकॅप्सिड (आतलं प्रथिन)? कोविशील्ड फक्त स्पाइक शिकवते, त्यामुळे न्यूक्लिओकॅप्सिडची तपासणी निगेटिव्ह येणं अपेक्षितच असतं. कोव्हॅक्सिन ही पुण्याच्या एनआयव्हीतून (राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेतून) मिळालेल्या विषाणूपासून भारत बायोटेकने बनवलेली, अख्ख्या निष्क्रिय विषाणूची लस; तिच्यानंतर दोन्ही येऊ शकतात आणि ‘न्यूक्लिओकॅप्सिड पॉझिटिव्ह म्हणजे संसर्ग होऊन गेला’ हा नियम तिथे लागू होत नाही. बहिणीला चुकून न्यूक्लिओकॅप्सिडची तपासणी केली असेल तर ‘शून्य’ या शब्दाला काही अर्थच नाही.

दुसरी गोष्ट, एकक. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२० मध्ये मानक सीरम ठरवलं आणि बीएयू प्रति मिली हे एकक आलं. तरीही लॅब आपापल्या एककात आकडे देतात. अ‍ॅबटच्या यंत्रावरचे एयू ०.१४२ ने गुणले की बीएयू मिळतात. रोशचे यू १.०२९ ने. म्हणजे दोन्ही रिपोर्टांवर ५०० छापलेलं असेल तर पहिलं ७१ बीएयू आणि दुसरं ५१४. लोक व्हॉट्सअ‍ॅपवर शेजाऱ्याच्या ५०० शी आपले ५०० ताडत बसतात, त्याचं काय करावं. एककं जुळवली तरी ‘इतक्या बीएयूवर सुरक्षित’ अशी मान्य रेषा कोविडला नाही. हेपॅटायटिस बीला १० आहे, रेबीजला ०.५ आहे, कोविडला नाही. विषाणू बदलत राहिला तर ती ठरणारही नाही. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, मे २०२१ मध्येच सांगितलं होतं की लसीनंतर संरक्षण ठरवण्यासाठी ही तपासणी वापरू नका.

तिसरी गोष्ट, नमुन्याचा दिवस: शेवटचं रिटुक्सिमॅब कधी, लस कधी, रक्त कधी. हे तीन दिनांक एका ओळीत लिहिले की निम्म्या शंका तिथेच मिटतात.

अँटिबॉडी शून्य आली म्हणून लस वाया गेली असं नाही. रिटुक्सिमॅब टी-पेशींना हात लावत नाही, आणि अशा रुग्णांत अँटिबॉडी नसताना स्पाइकविरुद्धच्या टी-पेशी सापडल्या आहेत. त्या संसर्ग अडवत नाहीत, पण आजार गंभीर होऊ नये यासाठी कामाच्या असतात. मग टी-सेल टेस्ट करावी का? माझं मत: उपचार बदलणार नसेल तर नको. एलिस्पॉट (प्रतिसाद देणाऱ्या पेशींचे ठिपके मोजणारी) किंवा पेशींनी इंटरफेरॉन-गॅमा सोडण्याची तपासणी संशोधनात छान आहे, पण रुग्णाच्या फाइलसाठी अवघड. हेपॅरिनच्या ट्यूबमध्ये रक्त घ्यावं लागतं, ते सामान्य तापमानाला ठेवावं लागतं, फ्रीजमध्ये नाही. पेशी त्याच दिवशी, शक्यतो आठ तासांच्या आत वेगळ्या कराव्या लागतात. सांगलीतून संध्याकाळी निघालेला नमुना दुसऱ्या दिवशी दुपारी मुंबईत उघडला तर पेशी मरगळलेल्या असतात आणि ‘निगेटिव्ह’ छापून येतं. रुग्णाच्या लिम्फोसाइट मुळातच कमी असतील तर तपासणीच्या प्लेटच्या प्रत्येक खड्ड्यात ठरलेल्या पेशी, सहसा अडीच लाख, मोजून घातल्या आहेत का हे विचारा. नाहीतर पेशी कमी म्हणून ठिपके कमी, एवढंच कळतं. स्टेरॉइड किंवा टॅक्रोलिमस जास्त असेल तर पॉझिटिव्ह कंट्रोलसुद्धा, म्हणजे जिथे प्रतिसाद यायलाच हवा तो खड्डासुद्धा, उठत नाही. असा रिपोर्ट ‘अनिर्णीत’ असतो, निगेटिव्ह नव्हे. आणि इथेही संरक्षणाची रेषा नाहीच.

तिच्यासाठी टी-सेलपेक्षा दोन स्वस्त तपासण्या जास्त कामाच्या आहेत: फ्लो सायटोमेट्रीने (पेशींवरची खूण पाहून त्या मोजणाऱ्या यंत्राने) सीडी१९ पेशींची, म्हणजे बी-पेशींची, मोजणी आणि रक्तातलं एकूण आयजीजी. सीडी१९ दिसू लागले असतील तर लस लागायची शक्यता आहे. मोजणीत सीडी२० नको, सीडी१९ च हवं. रिटुक्सिमॅब सीडी२० झाकून टाकतं, त्यामुळे पेशी असूनही नाहीत असं वाटू शकतं. रिटुक्सिमॅबचे बरेच कोर्स झाले की एकूण आयजीजी हळूहळू उतरतं. ते फार खाली असेल आणि वारंवार छातीचा संसर्ग होत असेल, तर प्रश्न एका लसीपेक्षा मोठा आहे आणि तो संधिवाततज्ज्ञांसमोर तसाच मांडावा.

लसीची वेळ अशी साधतात: पुढचं रिटुक्सिमॅब ज्या सुमारास द्यायचं असतं त्याच सुमारास लस द्यायची आणि औषध किमान दोन आठवडे पुढे ढकलायचं. सहा महिन्यांनी डोस घेणाऱ्यांसाठी हे जमतं. फ्लूची लस अपवाद. तिचा मोसम थांबत नाही, ती मिळेल तेव्हा द्यावी. सोबत मेथोट्रेक्सेट हे संधिवाताचं औषध असेल तर फ्लूच्या लसीनंतर दोन आठवडे ते थांबवल्याने प्रतिसाद वाढतो, पण सांधे शांत असतील तरच, आणि डॉक्टरांना विचारूनच. मेथोट्रेक्सेट स्वतःहून बंद करून सूज भडकली की स्टेरॉइड वाढवावं लागतं आणि लसीसाठी केलेला खटाटोप उलटतो.

एकदा अपयश आलं तरी पुढचा डोस निरुपयोगी असतो असं नाही, हे प्रत्यारोपणाच्या रुग्णांत नीट मोजलं गेलं आहे. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या ६५८ अवयव-प्रत्यारोपित रुग्णांत एमआरएनए लसीच्या दोन डोसांनंतर ५४ टक्क्यांनाच मोजता येण्याजोग्या अँटिबॉडी आल्या. त्याच वर्षी फ्रान्समध्ये १०१ जणांना तिसरा डोस दिला. त्याआधी ४० टक्के पॉझिटिव्ह होते, चार आठवड्यांनी ६८ टक्के झाले. मायकोफेनोलेट घेणाऱ्यांत प्रतिसाद कमी, हे अशा बहुतेक अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसतं.

न्यूमोनियाची लस तिने घ्यावीच. आधी कॉन्जुगेट (जंतूच्या साखरेच्या कवचाला प्रथिन जोडलेली), निदान आठ आठवड्यांनी जंतूच्या २३ प्रकारांची पॉलिसॅकराइड (नुसत्या कवचाची). टायटर मात्र नेहमीसाठी करू नये. ते करतात तेव्हा हेतू वेगळा असतो: अँटिबॉडी बनवण्याची क्षमताच जन्मजात किंवा नंतर बिघडली आहे का, हे शोधणं, विशेषतः आयव्हीआयजी कायमचं लावायचं की नाही हे ठरवताना. त्यासाठी लसीआधी एक आणि चार ते आठ आठवड्यांनी दुसरा असे जोडनमुने घेऊन एकाच वेळी, एकाच प्लेटवर चालवतात. प्रत्येक प्रकाराला १.३ मायक्रोग्रॅम प्रति मिली ही रेषा, आणि सहा वर्षांवरच्यांत ७० टक्के प्रकार तिच्या वर हवेत. लहान बाळांच्या कॉन्जुगेट लसीच्या अभ्यासांत ०.३५ ची रेषा वापरतात. ती इथे लावली की आजारी माणूस निरोगी ठरतो. आधी १३ प्रकारांची कॉन्जुगेट घेतली असेल तर पॉलिसॅकराइडला प्रतिसाद मोजताना फक्त तिच्यातच असलेले ११ प्रकार बघायचे, बाकीचे दोन्हींत सामाईक आहेत. आयव्हीआयजी आधीच चालू असेल तर ही तपासणी करण्यात पैसे घालवू नका. मोजल्या जाणार त्या दात्यांच्या अँटिबॉडी.

कांजिण्यांच्या लसीनंतरही टायटर नको. बाजारातल्या साध्या व्हीझेडव्ही (कांजिण्यांचा विषाणू) आयजीजी तपासण्या प्रत्यक्ष आजारानंतरच्या भरघोस अँटिबॉडीसाठी बनवलेल्या आहेत. लसीनंतरचं कमी प्रमाण त्यांना बऱ्याचदा दिसत नाही. निगेटिव्ह बघून जिवंत लस पुन्हा देण्याचा मोह होतो, आणि प्रतिकारशक्ती दाबलेल्या रुग्णात तो थेट धोका आहे.

एखाद्या डायलिसिस युनिटला आपल्या सगळ्या रुग्णांचा आढावा घ्यायचा असेल तर थोडं. सरासरी काढताना साधी सरासरी काढू नका. टायटर घातांकाने पसरतात. एकाचं १००० आणि नऊ जणांचं ४ असेल तर साधी सरासरी १०४ च्या आसपास येते आणि युनिट फार छान चाललं आहे असं वाटतं. लॉग घेऊन भूमितीय सरासरी काढली की तीच ७ च्या आसपास येते. सोबत १० च्या वर किती टक्के हे द्या. ‘२ पेक्षा कमी’ अशा निकालांना शून्य लिहू नका, शून्याचा लॉग निघत नाही. रेषेच्या निम्मं, म्हणजे १, हा रूढ संकेत आहे. ‘१००० पेक्षा जास्त’ आलेले नमुने पातळ करून पुन्हा चालवा, किंवा निदान तसे होते हे लिहा. आणि जे रुग्ण मधेच दगावले, प्रत्यारोपणाला गेले किंवा तपासणीला आले नाहीत, ते छेदातून गाळू नका. वेगळी रांग करून दाखवा. जास्त आजारी माणसं गळली की लस कागदावर सुधारते.

राहिलं एक टायटर, जे या दोघांसाठीही कधी तातडीने लागू शकतं: रेबीजचं. कुत्रं चावलं तर वडील किंवा बहीण यांना निरोगी माणसाच्या नियमांनी चालवू नका. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा. श्रेणी दोनची जखम, म्हणजे रक्त न आलेलं खरचटणं, असलं तरी इम्युनोग्लोब्युलिन द्यावं लागतं, पूर्वी लस घेतलेली असली तरीही. लस स्नायूत, पूर्ण पाच डोस, ०, ३, ७, १४, २८ व्या दिवशी. दोन ते चार आठवड्यांनी टायटर करायचं, ०.५ आययू प्रति मिलीच्या खाली आलं तर आणखी डोस लागतात. इथे तपासणी आरएफएफआयटी पद्धतीची मागा, कारण ती अँटिबॉडी विषाणूला प्रत्यक्ष निष्प्रभ करते की नाही हे मोजते. ती मोजक्या ठिकाणी होते. बंगळूरचं निम्हान्स त्यांपैकी एक. सीरम वेगळं करून थंड पेटीतून पाठवावं लागतं, म्हणून रक्त घेण्याआधीच लॅबला फोन करा, आणि निकालाची वाट बघताना ठरलेल्या तारखेचा डोस चुकवू नका.